झेड-स्कॅनमध्ये एन-टू उणे आणि अवाढव्य येतोय? फिट करण्याआधी उष्णता वेगळी काढा

झेड-स्कॅन म्हणजे सॅम्पल लेझरच्या फोकसमधून सरकवून त्याचा अपवर्तनांक प्रकाशाच्या तीव्रतेने किती बदलतो ते मोजण्याची पद्धत. ती फसते तेव्हा लक्षणं बहुतेक वेळा अशी असतात. टायटॅनियम-सफायर ऑसिलेटर, ८० मेगाहर्ट्झ, ८०० नॅनोमीटर, पल्स १०० फेमटोसेकंदांच्या आसपास. एक मिलिमीटरच्या क्युवेटमध्ये (चपट्या पारदर्शक कुपीत) डायचं, म्हणजे रंगद्रव्याचं, किंवा नॅनोकणांचं द्रावण. बंद अपर्चरचा, म्हणजे डिटेक्टरपुढे छोटं छिद्र ठेवून घेतलेला, आलेख देखणा येतो: फोकसच्या अलीकडे शिखर, पलीकडे दरी, दोन्ही बाजू सारख्या. फिटची रेषा बिंदूंवरून अलगद जाते. आणि एन-टू, म्हणजे अरेषीय अपवर्तनांक, येतो उणे आणि अपेक्षेपेक्षा शंभर-हजार पटींनी मोठा. पुढच्या आठवड्यात तेच द्रावण परत लावलं की आकडा बदललेला असतो. द्रावक बदलला तर आणखी वेगळा. मात्र त्याच सेटअपवर काचेची पट्टी लावली की उत्तर ठीकठाक येतं, त्यामुळे सेटअपवर संशय जात नाही आणि मोठा आकडा रेणूच्या खात्यावर जमा होतो.

हा आकडा रेणूच्या इलेक्ट्रॉनांचा नसतो. तो तापलेल्या द्रावकाचा असतो. झेड-स्कॅनचा आलेख फक्त एवढंच सांगतो की सॅम्पलमध्ये एक लेन्स तयार झाली आहे आणि ती अमुक इतकी जोरकस आहे. ती लेन्स कशामुळे झाली हे त्या आलेखात लिहिलेलं नसतं. ते काढायचं तर वेळेशी खेळावं लागतं: पल्सची लांबी बदला, रेप-रेट (सेकंदाला किती पल्स) बदला, किरण टाकल्यापासूनचा काळ मोजा. फिटची पाळी त्यानंतर येते.

नेहमीच्या तपासण्या इथे का फसतात

सॅम्पल लेन्सच्या फोकसमधून पुढे-मागे सरकवायचं आणि दूरवरच्या छोट्या अपर्चरमधून किती प्रकाश जातो ते मोजायचं, ही पद्धत मन्सूर शेख-बहाई, अली सईद, एरिक व्हॅन स्ट्रायलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1989-90 मध्ये मांडली. मूळ काम पिकोसेकंद पल्सवर होतं, तेही सावकाश येणाऱ्या पल्सवर. त्याच लेखनात कार्बन डायऑक्साइड लेझरच्या ३०० नॅनोसेकंद पल्सने कार्बन डायसल्फाइडमध्ये उष्णतेमुळे उणे चिन्हाचा आलेख येतो हेही दाखवलं होतं. म्हणजे इशारा पहिल्या दिवसापासून आहे. नंतर पद्धत सोपी म्हणून सगळीकडे पसरली, आणि ज्याच्याकडे जो लेझर होता तो तिला जोडला गेला.

आपण साधारण काय करतो? ऊर्जा बदलून पाहतो आणि शिखर-दरीतला फरक ऊर्जेच्या प्रमाणात वाढतो का ते बघतो. वाढतो, रेषा शून्यातून जाते, म्हणून तिसऱ्या क्रमाचा, म्हणजे केर परिणाम (तीव्र प्रकाशाने तत्क्षणी बदलणारा अपवर्तनांक, जो आपल्याला मोजायचा असतो) असा शिक्का मारतो. पण रेषीय शोषणातून होणारी उष्णतेची लेन्सही पॉवरच्या प्रमाणातच वाढते. मग सांद्रता बदलतो. ती दुप्पट केली की सिग्नल दुप्पट. पण शोषणही दुप्पट झालेलं असतं! या दोन्ही तपासण्यांत केर परिणाम आणि उष्णता अगदी सारखं वागतात. त्यामुळे परीक्षकाने विचारलं आणि तुम्ही हे दोन आलेख दाखवले, तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

काचेची पट्टी बरोबर उत्तर देते त्याचंही कारण इथेच आहे. इथेनॉलचा अपवर्तनांक एका केल्विनमागे सुमारे ०.०००४ ने घटतो आणि त्याची उष्णतावाहकता आहे जेमतेम ०.१७ वॅट प्रति मीटर प्रति केल्विन. फ्यूज्ड सिलिकाचा, म्हणजे त्या पट्टीच्या काचेचा, अपवर्तनांक केल्विनमागे साधारण ०.००००१ ने बदलतो, तोही वाढतो, आणि वाहकता १.४ च्या घरात. दोन्ही गोष्टी मिळून, सारखीच उष्णता शोषली तरी इथेनॉलमध्ये लेन्स काचेपेक्षा तीनशेच्या वर पटींनी जोरकस होते. वर काच शोषतेही नगण्य. काचेवरचं कॅलिब्रेशन तुमचा बीम आणि पल्स बरोबर आहे एवढंच सांगतं. द्रावणातल्या उष्णतेबद्दल ते गप्प असतं.

आकडे मांडून पाहा

हे गणित एकदा स्वतःच्या आकड्यांनी करावंच, त्याशिवाय पटत नाही. फोकसवर बीमची त्रिज्या २५ मायक्रोमीटर धरा. ८०० नॅनोमीटरला रॅले लांबी (फोकसभोवती बीम बारीक राहतो ते अंतर) झाली साधारण २.४५ मिलिमीटर, म्हणजे एक मिलिमीटरची क्युवेट पातळ सॅम्पल म्हणून चालते. ऑसिलेटरची सरासरी पॉवर सॅम्पलवर ४०० मिलिवॅट. ८० मेगाहर्ट्झने भागलं की एका पल्सला ५ नॅनोज्यूल. पल्स १०० फेमटोसेकंदांची असेल तर फोकसवरची कमाल तीव्रता भरते दर चौरस सेंटिमीटरला ५ गिगावॅटच्या थोडी खाली.

एक मिलिमीटर फ्यूज्ड सिलिकाला, ज्याचा एन-टू या भागात सुमारे २.५ गुणिले १० चा उणे २० वा घात चौरस मीटर प्रति वॅट आहे, यातून मिळणारा कमाल फेजबदल (प्रकाशलहर किती मागे-पुढे सरकते तो आकडा) साधारण ०.००९ रेडियन. साधे द्रावक याच्या आसपास किंवा काही पट वर असतात. अपर्चरमधून ४० टक्के प्रकाश जाऊ दिला, पल्सच्या काळातली सरासरी धरली, की शिखर-दरीतला फरक पाव टक्का. बहुतेक ऑसिलेटरांच्या गोंगाटात हा सिग्नल चाचपडत शोधावा लागतो.

आता उष्णतेची बाजू. थर्मल, म्हणजे उष्णतेच्या, लेन्सचा फेज म्हणजे शोषलेली पॉवर गुणिले अपवर्तनांकाचा तापमानागणिक बदल, भागिले तरंगलांबी आणि उष्णतावाहकतेचा गुणाकार. इथेनॉलमधलं द्रावण फक्त ०.१ टक्का प्रकाश शोषतंय असं धरा. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर हे शोषण पायारेषेपासून वेगळं ओळखूही येत नाही. ४०० मिलिवॅटचा हजारावा भाग म्हणजे ०.४ मिलिवॅट. फेज येतो सुमारे १.२ रेडियन. केरच्या शंभर पटींहून जास्त, आणि उलट चिन्हाचा.

शुद्ध पाणीसुद्धा सुटत नाही. ८०० नॅनोमीटरला पाण्याचं शोषण दर सेंटिमीटरला ०.०२ च्या आसपास, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये ०.२ टक्के. पाण्याची वाहकता चांगली आणि तापमानाचा परिणाम कमी, तरी फेज ०.१५ रेडियनच्या वर जातो. तेव्हा "आमचं सॅम्पल ८०० ला पारदर्शक आहे" हे वाक्य या कामात पुरेसं नाही.

एक गोष्ट मात्र दिलाशाची. एकटी पल्स स्वतःच्या उष्णतेची लेन्स स्वतः पाहू शकत नाही. तापलेल्या भागाची घनता बदलायला ध्वनीला बीमची त्रिज्या ओलांडावी लागते, आणि २५ मायक्रोमीटरला त्याला २० नॅनोसेकंद लागतात. १०० फेमटोसेकंदांची पल्स तोवर कधीच निघून गेलेली असते. त्रास होतो तो मागून येणाऱ्या पल्सेसना. उष्णता पसरून जायला लागणारा काळ त्रिज्येच्या वर्गाला विसरणांकाच्या चौपटीने भागून मिळतो. इथेनॉलमध्ये २५ मायक्रोमीटरसाठी तो १.८ मिलिसेकंद आहे. पल्स येते दर १२.५ नॅनोसेकंदांनी. आधीची उष्णता निवायच्या आत लाखाहून जास्त पल्स येऊन जातात.

पहिली खरी तपासणी: मोड-लॉक तोडा

ही तपासणी पाच मिनिटांची आहे आणि तिला एक पैसाही लागत नाही, म्हणून आधी हीच करा. नेहमीचा स्कॅन घ्या. मग ऑसिलेटरचं मोड-लॉक (ज्यामुळे लेझर छोट्या पल्स देतो ती अवस्था) तोडा, लेझर सलग चालू द्या, सॅम्पलवरची सरासरी पॉवर मीटरने पुन्हा तेवढीच आणा आणि तोच स्कॅन परत घ्या. कमाल तीव्रता आता लाखपटीने खाली आली आहे. केर परिणाम मोजण्यापलीकडे गेला. तरीही आलेख जवळजवळ तसाच आला, तर तुम्ही आजवर मोजत होतात ती उष्णता होती. वाद संपला.

दोन काळज्या घ्या. मोड-लॉक सुटलं की काही लेझरांत बीमचा आकार आणि रोख किंचित बदलतो, त्यामुळे आलेख थोडा सरकेल किंवा थोडा वेगळ्या उंचीचा येईल. ५-१० टक्क्यांच्या फरकावरून "बघा, केरही आहे" असा निष्कर्ष काढू नका. दुसरं, सॅम्पल टू-फोटॉन शोषणामुळे (एकाच वेळी दोन फोटॉन शोषल्यामुळे) तापत असेल तर सलग प्रकाशात ते शोषणच नाहीसं होतं, आणि तपासणी खोटा दिलासा देते. अशा वेळी सरासरी पॉवर तीच ठेवून पल्स लांबवा. काँप्रेसर (पल्सची लांबी कमी-जास्त करणारा भाग) हलवता येत असेल तर उत्तम, नाहीतर वाटेत जाड काचेचा ठोकळा ठेवा. रेषीय शोषणाच्या उष्णतेला पल्सच्या लांबीशी घेणंदेणं नाही. केर सिग्नल लांबीच्या व्यस्त प्रमाणात उतरतो. टू-फोटॉनची उष्णताही उतरते, म्हणून तिला पकडायला शेवटी रेप-रेटच बदलावा लागतो.

आणखी एक झटपट खूण म्हणजे शिखर आणि दरी यांच्यातलं अंतर. केरसाठी ते रॅले लांबीच्या १.७ पट असतं. उष्णता बीमच्या बाहेरही पसरलेली असते, त्यामुळे तिचा आलेख आडवा ताणला जातो आणि अंतर बऱ्याचदा यापेक्षा जास्त भरतं. पण ही खूण वापरायची तर बीमची त्रिज्या वेगळ्या मार्गाने, कॅमेऱ्याने किंवा ब्लेड सरकवून, मोजलेली हवी. स्कॅनच्याच फिटमधून त्रिज्या काढली असेल तर फिट गुपचूप ती फुगवून घेतो आणि खूण पुसली जाते.

उणे चिन्ह हा पुरावा नव्हे, हेही इथेच सांगतो. झिंक सेलेनाइडचा एन-टू ५३२ नॅनोमीटरला खरोखरच उणे आहे, आणि तो मूळ कामातच पिकोसेकंद पल्सने मोजलेला आहे. अर्धवाहकांत फोटॉनची ऊर्जा बँडगॅपच्या साधारण ७० टक्क्यांच्या वर गेली की चिन्ह पालटतं. रंगीत द्रावणात, मोठ्या रेप-रेटवर उणे आलं तर संशय घ्या. संशयावरून निकाल मात्र देऊ नका.

ऑसिलेटरच वापरायचा असेल तर

पुष्कळ प्रयोगशाळांत अँप्लिफायर (कमी रेप-रेटवर जोरदार पल्स देणारं यंत्र) नसतो, किंवा असला तरी त्यावर वेळ मिळत नाही. अशा वेळी चॉपर (किरण अडवणारी-सोडणारी फिरती चकती) लावून सिग्नल काळाच्या अंगाने वाचावा. इटलीतल्या न्योली, राझारी आणि रिघिनी यांनी 2005 मध्ये ही पद्धत नीट मांडली आणि ती खरोखर चालते. कल्पना अशी: किरण काही काळ बंद ठेवून सॅम्पल निवू द्यायचं, मग उघडायचा, आणि उघडल्या क्षणापासून अपर्चरमागच्या डिटेक्टरचा सिग्नल कसा बदलतो ते ऑसिलोस्कोपवर नोंदवायचं. उष्णता साचायला वेळ लागतो, केर तत्क्षणी असतो. प्रत्येक ठिकाणी सिग्नल शून्य काळाकडे मागे नेला की उरतो तो केर.

स्कोपवर काय दिसतं ते पाहण्यासारखं आहे. सॅम्पल फोकसच्या पलीकडे ठेवा, जिथे एरवी दरी येते. चॉपर उघडतो, सिग्नल उभा चढतो आणि लगेच घसरायला लागतो. पहिल्या काहीशे मायक्रोसेकंदांत झपाट्याने, मग मंद होत जातो, आणि दोन-चार मिलिसेकंदांनंतरही पुरता सपाट होत नाही. आता सॅम्पल अलीकडे आणा. तोच सिग्नल चढल्यावर वर वर सरकत जातो. बरोबर फोकसवर तो जवळपास आडवा राहतो. हे तीन आकार डोळ्यांनी पाहिले की उष्णतेबद्दल वेगळं काही सांगावं लागत नाही. आणि हजारो उघडझापींची सरासरी काढल्यावर पलीकडच्या सिग्नलचं सुरुवातीचं टोक आडव्या पायारेषेच्या किंचित वर दिसू लागलं, तर तो तुमचा अधिक चिन्हाचा केर परिणाम आहे.

कुठे चुकतं? चॉपरच्या पात्याला जाड बीम कापायला वेळ लागतो. साध्या चॉपरवर तो सहज वीस-तीस मायक्रोसेकंदांवर जातो. २० मायक्रोसेकंद म्हणजे १६०० पल्स. वरच्या उदाहरणात तेवढ्यात थर्मल फेज अंतिम मूल्याच्या २ टक्क्यांवर पोचलेला असतो, म्हणजे ०.०२५ रेडियन, आणि केर आहे ०.००९. किरण पुरता उघडायच्या आतच उष्णतेने केरला मागे टाकलं! म्हणून दोन लेन्सांची छोटी दुर्बीण करून पातं तिच्या फोकसवर ठेवा, तिथे बीम बारीक असतो आणि उघडायचा वेळ खूप खाली येतो. त्यानंतरही शून्य काळाकडे नेताना सरळ रेषा ओढू नका. उष्णतेची वाढ साध्या घातांकी नियमाने होत नाही, तिची शेपटी लांब असते. थर्मल लेन्सचं काळाचं सूत्र वापरून फिट करा.

तीच लांब शेपटी निवतानाही असते. १.८ मिलिसेकंदांचा काळ आहे म्हणून ४ मिलिसेकंद बंद ठेवलं की झालं असं नाही. उघडा काळ एक-दोन मिलिसेकंद आणि बंद काळ निदान ३०-४० मिलिसेकंद ठेवा. अर्धा वेळ उघडं, अर्धा वेळ बंद असं चॉपरसोबत आलेलं नेहमीचं चक्र इथे कामाचं नाही. एकच अरुंद खाच असलेली चकती कार्यशाळेतून कापून घ्या.

पल्स-पिकर (मोजक्याच पल्स पुढे सोडणारं उपकरण) असेल तर रेप-रेट हजारपटीने खाली आणता येतो आणि उष्णतेचा प्रश्न मुळातून सुटतो. पण पल्सला ५ नॅनोज्यूलच राहतात, म्हणून पाव टक्क्याचा सिग्नल पाव टक्काच राहतो. फोकस १० मायक्रोमीटरचा केला की तीव्रता सहापट होते खरी, पण रॅले लांबी ०.४ मिलिमीटरवर येते आणि एक मिलिमीटरची क्युवेट पातळ सॅम्पल राहत नाही. मग ०.२ मिलिमीटरची क्युवेट घ्या किंवा जाड सॅम्पलचं सूत्र वापरा. द्रावक निवडायला वाव असेल तर पाण्यात विरघळणारं रूप पाहा: सारख्या शोषणाला पाण्यातली लेन्स इथेनॉलच्या साधारण पंधराव्या हिश्श्याची असते. जड पाणी त्याहून चांगलं, कारण ८०० ला ते फार कमी शोषतं.

किलोहर्ट्झच्या अँप्लिफायरवर आलात तरी

इथे चित्र पालटतं. १०० नॅनोज्यूलची पल्स, १ किलोहर्ट्झ, सरासरी पॉवर फक्त ०.१ मिलिवॅट. तोच फोकस धरला तर एक मिलिमीटर सिलिकामध्ये फेज ०.१९ रेडियन आणि शिखर-दरीत साडेचार-पाच टक्क्यांचा फरक. मोजायला सुखाचं. ०.१ टक्का शोषणाची उष्णता नगण्य होते.

पण १ किलोहर्ट्झ म्हणजे पल्सेसमध्ये एक मिलिसेकंद, आणि उष्णता निवायला लागतात १.८. सॅम्पल जर चाळीस टक्के प्रकाश शोषणारं असेल, आणि अनुनादाजवळ (रेणू जोरात शोषतो त्या तरंगलांबीजवळ) मोजणारे असंच सॅम्पल लावतात, तर थर्मल फेज ०.१ रेडियनच्या घरात येतो, केरच्या बरोबरीचा. म्हणून अँप्लिफायरवरही एकदा १ किलोहर्ट्झ आणि एकदा १०० किंवा ५० हर्ट्झ असे दोन स्कॅन सारख्या पल्स-ऊर्जेवर घ्या. बहुतेक अँप्लिफायरांत पॉकेल्स सेलचा (पल्स सोडणाऱ्या विजेवरच्या झडपेचा) रेप-रेट विभागता येतो. दोन आलेख एकमेकांवर बसले तर निश्चिंत व्हा. माझ्या मते ही एक आकृती प्रबंधात असेल तर बाकीच्या दहा आकृत्यांपेक्षा जास्त वजनाची ठरते.

अँप्लिफायरवर उष्णता गेली की दुसरा घोटाळा उघडा पडतो: क्युवेटच्या भिंती. एक मिलिमीटरच्या क्युवेटला दोन्ही बाजूंनी मिळून दोन-अडीच मिलिमीटर सिलिका असते. रॅले लांबी २.४५ असेल तर या भिंतीही फोकसच्या पट्ट्यातच येतात. म्हणजे मधल्या द्रावकापेक्षा भिंतींचा सिग्नल मोठा असू शकतो, आणि विरळ द्रावणातल्या रेणूंचा वाटा तर दोन्हींखाली दबलेला असतो. रिकामी क्युवेट, द्रावकाने भरलेली क्युवेट आणि द्रावणाने भरलेली क्युवेट, असे तीन स्कॅन एकाच बसणीत, क्युवेट होल्डरमधून न काढता घ्या. सिरिंजने रिकामी करून भरा. रिकाम्या क्युवेटमध्ये आतल्या पृष्ठभागांवरचं परावर्तन वाढतं, त्याची दुरुस्ती करा. वजाबाकी फेजची करा, पारगमनाच्या टक्क्यांची नको. आणि द्रावण वजा द्रावक हा फरक मोजमापाच्या त्रुटीत बुडत असेल तर "मोजता आला नाही, वरची मर्यादा एवढी" असं लिहा. तेही प्रामाणिक मोजमापच आहे.

संदर्भ म्हणून कार्बन डायसल्फाइड वापरताय?

इथे ताडून पाहायचा आकडाच चुकीचा निवडला जातो. सगळीकडे उद्धृत होणारा ३ गुणिले १० चा उणे १८ वा घात हा पिकोसेकंदांच्या पल्सचा आहे, कारण त्यात रेणू वळण्याचा मोठा हिस्सा आहे आणि त्या वळण्याला दीड-पावणेदोन पिकोसेकंद लागतात. पल्स फार छोटी असेल तर रेणूंना वळायला सवडच मिळत नाही; उरतो तो इलेक्ट्रॉनिक हिस्सा, सुमारे १.५ गुणिले १० चा उणे १९ वा घात, म्हणजे विसाव्या भागाएवढा. १०० फेमटोसेकंदांना तुमचं उत्तर या दोहोंच्या मध्ये कुठेतरी येणार, आणि नेमकं कुठे ते पल्सच्या लांबीवर ठरणार. पिकोसेकंदांच्या आकड्याला जुळवण्यासाठी तीव्रता "दुरुस्त" केली की पुढची सगळी मोजमापं त्याच पटीने बिघडतात. मी फ्यूज्ड सिलिकाची पट्टीच वापरायला सांगतो. तिचा प्रतिसाद बहुतांशी इलेक्ट्रॉनिक आहे, ती सांडत नाही, आणि २.२ ते २.७ (गुणिले १० चा उणे २० वा घात) च्या पट्ट्यात जगभरची मोजमापं बसतात. शिवाय कार्बन डायसल्फाइड विषारी आहे आणि त्याची वाफ ९०-१०० अंश सेल्सिअसच्या पृष्ठभागावर ठिणगीशिवाय पेट घेऊ शकते. फ्यूम हूडच्या (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाच्या) बाहेर किंवा हॉटप्लेटच्या जवळपास त्याची बाटली उघडूच नका.

पल्सची लांबी सॅम्पलपाशी मोजा, लेझरच्या तोंडाशी नाही. १०० फेमटोसेकंदांच्या पल्सला वाटेतली थोडीशी काच फारशी जाणवत नाही. पण ३५ फेमटोसेकंदांची पल्स २२ मिलिमीटर बीके-७ (लेन्सांची नेहमीची काच) मधून गेली की ८५ च्या वर जाते, आणि पोलरायझर, लेन्स, फिल्टर धरून एवढी काच कधी भरते कळत नाही. फिल्टर बदलून ऊर्जा बदलली की काचेची जाडीही बदलते, म्हणजे पल्सही. हाफ-वेव्ह प्लेट फिरवून पोलरायझरमधून ऊर्जा कमी-जास्त करणं बरं. शोषक फिल्टर तर स्वतःच तापून लेन्स बनतात.

बाकी किरकोळ, पण वेळ खाणारं. बीमची त्रिज्या १० टक्के चुकली की तीव्रता २० टक्के चुकते. काटकोनात ठेवलेल्या क्युवेटचं परावर्तन ऑसिलेटरमध्ये परत जाऊन ऐन फोकसवर मोड-लॉक सुटतं; क्युवेट अंशभर तिरकी करा आणि स्कॅनभर स्पेक्ट्रमवर नजर ठेवा. लॉक-इनचा (गोंगाटातून सिग्नल वेचणाऱ्या यंत्राचा) टाइम-कॉन्स्टंट एक सेकंद आणि स्टेज भराभर चालतेय, तर आलेख ओढला जातो. जातानाचा आणि येतानाचा स्कॅन एकमेकांवर बसलाच पाहिजे. कमी ऊर्जेचा स्कॅन घेऊन त्याने भागा, म्हणजे ओरखडे आणि पट्टीचा उतार निघून जातो. उघड्या अपर्चरच्या वेळी (छिद्र काढून सगळा प्रकाश मोजताना) विखुरलेला प्रकाश डिटेक्टरच्या बाहेर गेला तर तो शोषणासारखा दिसतो, नॅनोकणांच्या द्रावणात हे फार होतं. एसीचा झोत थेट बीमवर येत असेल तर खोका बांधा.

निकाल लिहिताना एन-टूच्या शेजारीच तरंगलांबी, पल्सची लांबी, रेप-रेट, फोकसची त्रिज्या, कमाल तीव्रता आणि त्या तरंगलांबीचं रेषीय शोषण द्या. पल्सच्या काळातल्या सरासरीचा वर्गमूळ दोनचा भागाकार कुठे धरलाय तेही. सलग ५३२ लेझरने मोजलेलं मूल्य असेल तर त्याला थर्मो-ऑप्टिक म्हणा. त्यातून शोषण आणि उष्णतावाहकतेबद्दल कामाची माहिती मिळते, आणि अतिक्षीण शोषण मोजायला थर्मल लेन्स ही उत्तम पद्धत आहेच. फक्त ते मूल्य फेमटोसेकंदांच्या आकड्यांबरोबर एकाच तक्त्यात, एकाच रकान्यात बसवू नका. एकक बदलताना दोन गोष्टी तपासा: चौरस सेंटिमीटरचा चौरस मीटर करताना १०,००० ने भागायचं असतं, आणि ईएसयू (जुन्या सीजीएस पद्धतीचं एकक) मध्ये नेताना सॅम्पलचा रेषीय अपवर्तनांक गुणावा लागतो. तुमचं रूपांतर बरोबर असेल तर कार्बन डायसल्फाइडचा पिकोसेकंदांचा ३.१ गुणिले १० चा उणे १८ वा घात, १.६३ अपवर्तनांक धरून, १.२ गुणिले १० चा उणे ११ वा घात ईएसयू एवढा यायला हवा.